पाझराचं गवत

माझ्या जेवणाच्या डब्यात शेण भरून मी ते एसटीनं नाशिकला नेलं, ही गोष्ट काशीआत्यानं मला मरेपर्यंत ऐकवली. मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर ऐकवली, माझ्या मुलीच्या बारशाला ऐकवली, अगदी शेवटी दवाखान्यात बोलायला धाप लागत होती तेव्हाही नर्सला ऐकवली. ऐकणारे हसायचे. पण तो डबा का न्यावा लागला आणि न्यायला घरातलं दुसरं कुणी का उठलं नाही, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. ते मी इथं लिहून ठेवते. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा या एका बाबतीत तरी निवलेला नाही.

आमचं घर निफाड तालुक्यात, पाटाच्या भरावाला अगदी खेटून. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पाटकरी होते. म्हणजे पाटाच्या ठरावीक हद्दीवर सायकलनं फिरायचं, पाळीप्रमाणे शेतकऱ्यांना पाणी सोडायचं, दारं उघडायची-लावायची, आणि जे दिसेल ते वहीत लिहून आठवड्याला साहेबांकडे पाठवायचं. घरात अण्णा, आई, अण्णांची विधवा बहीण काशीआत्या, मी आणि धाकटी शकू. पाट चालू असला की घरात बोलणं जरा मोठ्यानंच व्हायचं, कारण दारातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज सगळ्यांच्या बोलण्याखाली अंथरल्यासारखा असायचा. पाणी बंद झालं की आम्ही दोन दिवस एकमेकींवर उगाच ओरडत राहायचो. अण्णा ओट्यावर दाढी करता करता नुसत्या आवाजावरून ओळखायचे की वरचं दार कुणीतरी परस्पर उचललंय. मग गालावर साबण तसाच ठेवून सायकल काढायचे. त्यांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते. खेकड्यानं भरावाला पाडलेलं बीळ, निखळलेला दगड, पाटात कुणी म्हशी धुतल्या, कुणाच्या चारीत गाळ साचला, सगळं त्यांच्या वहीत असायचं. फक्त एक गोष्ट नसायची.

घराच्या खालच्या अंगाला पाट वळायचा. त्या वळणावर भरावातून पाणी पाझरत होतं. धार वगैरे नाही, नुसता ओलावा, पण तो बारमाही. त्या ओलाव्यानं खालचा सखल तुकडा चैत्रातसुद्धा हिरवागार असायचा. आजूबाजूची जनावरं वाळका कडबा चावत असताना आमच्या गायी पोटऱ्यांएवढ्या लुसलुशीत गवतात उभ्या असायच्या. जमीन पाटाची, म्हणजे सरकारची, म्हणजे कुणाचीच नाही, म्हणजे पाटकऱ्याची. अण्णांनी ते गवत एकट्या आमच्या गायींना कधी खाऊ दिलं नाही. उन्हाळ्यात गावातली माणसं यायची, ओट्याच्या कडेला बसायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि उठताना विचारायची, "पाटकरी, दोन गुरं सोडू का पाझरावर?" अण्णा म्हणायचे, "सोडा की." हे "सोडा की" म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. त्यांना ना वाडवडिलांची शेती ना बागाईत. गावात द्राक्षबागा लागत होत्या, ऊस उभा राहत होता, आणि या माणसाकडे द्यायला एवढंच होतं. पाझर वहीत लिहिला असता तर साहेबांनी भराव बुजवून घेतला असता. म्हणून तो लिहिला नव्हता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

गायी दोन. हरणी आमच्या घरातच जन्मलेली, डांगी रक्ताची, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. अण्णांच्या सायकलची घंटा ओळखायची आणि ती वाजल्याशिवाय पान्हा सोडायची नाही, हा तिचा हट्ट. दुसरी अर्धी जर्सी, तांबूस, शिंगं आखूड. तिला काशीआत्यानं पहिल्याच दिवशी "मडम" म्हटलं आणि तेच नाव पडलं. आई धार काढायला बसली की आधी रिकाम्या चरवीत धारा वाजायच्या, मग दूध चढत जाईल तसा आवाज जाड आणि मऊ होत जायचा. सकाळचं दूध डेअरीत, संध्याकाळचं घरात. बाजरीच्या भाकरीवर सायीचं दही, वरून शेंगदाण्याची चटणी. कढवलेल्या तुपाखालची बेरी गूळ घालून शकूला आणि मला. काशीआत्याचा चहा तर असा असायचा की त्यात चहा शोधावा लागे. ते सगळं त्या गवतातून येत होतं, आणि आम्हाला त्याचं कौतुक होतं.

दिवाळीनंतर मडमचं दूध उतरलं. आधी थोडं, मग निम्मं. शेण पातळ झालं. अंगावरची तकाकी गेली, केस राठ उभे राहिले. मग एके दिवशी तिच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशवीसारखी सूज लोंबायला लागली. आईनं एक गोष्ट हेरली. ती म्हणाली, "सूज सांजच्याला असती, सकाळच्याला वसरती. आजार असा येतो-जातो व्हय?" या बाईच्या नजरेला कुणी विचारलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. पण आमच्याकडे विचारत कुणी नव्हतं, सांगत मात्र सगळे होते. शेजारच्या म्हाताऱ्यानं घटसर्प ठरवला. डेअरीवर दूध मोजणारा म्हणाला, जर्सीचं रक्तच नाजूक, आपल्या हवेत टिकत नाही. काशीआत्यानं दृष्ट काढली, मग काळा दोरा बांधला, मग दोऱ्यात बिब्बा ओवला. अण्णांचं म्हणणं मीठ कमी पडलं. आणि एक जण तर विळा तापवून सुजेवर डाग द्यायला आला. त्याला आईनं दारातूनच परत पाठवलं. माझ्या आठवणीत आईनं कुणाला घालवून दिल्याची ती एकच वेळ.

महिन्याभरात हरणीचंही तेच झालं. तीच सूज, तेच पातळ शेण. मला वाटलं, आता तरी जर्सीच्या रक्ताची बडबड थांबेल. थांबली नाही. "मडमचं हिला लागलं," असं आत्या म्हणाली आणि मडमला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधायला लावलं. दोघी गायी दिवसभर एकाच गवतात चरायच्या आणि संध्याकाळी दोन टोकांना. मी तेव्हा अकरावीला होते, निफाडला जात होते, सायन्सला. मी काही बोलले की अण्णा म्हणायचे, "तुझं पुस्तक वाच."

शेवटी तालुक्याचे गुरांचे डॉक्टर आले. तरुण होते, मोटारसायकलवर चिखल उडालेला. त्यांनी हरणीच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि मला बोलावून दाखवलं. आतलं मांस गुलाबी असायला हवं. ते कागदासारखं पांढरं होतं. ताप नव्हता. "घटसर्प असता तर एव्हाना गाय उभी नसती," ते म्हणाले. मग त्यांनी अण्णांना विचारलं, "चरायला कुठं सोडता?"

"हितंच, रानात."

"पाणथळ आहे का कुठं? दलदल, डबकं?"

"नाय," अण्णा म्हणाले.

मी हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. डॉक्टरांच्या खांद्यावरून मला सगळा पाझर दिसत होता, उन्हात चमकत. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आई चुलीकडे निघून गेली. डॉक्टर म्हणाले, शेण ताजं, स्वच्छ डब्यात घालून नाशिकला जिल्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यात न्या, तिथं तपासतात, त्याशिवाय औषधाचं नक्की सांगता येणार नाही. अण्णा मान हलवत राहिले. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "शेन घिऊन नाशकाला जाऊ? लोकं हसतील. आन हद्द कोन बघंल?" चार दिवस गेले. पाचव्या दिवशी हरणी उठताना गुडघ्यावर पडली. सहाव्या दिवशी मी डबा घासला, दोघींचं शेण कागदाच्या वेगळ्या पुड्यांत बांधून त्यात भरलं आणि निघाले. एकट्या मुलीला पाठवायचं नाही म्हणून काशीआत्या बरोबर आली. तिला तसंही पंचवटीत जाऊन गंगेत पाय बुडवायचे होते. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

एसटीत खिडकी मिळाली, डबा मांडीवर. ऊन चढलं तसा वास यायला लागला. समोरच्या बाईनं दोनदा मागं वळून पाहिलं आणि विचारलं, "काय हाय हो त्येच्यात?" काशीआत्या शांतपणे म्हणाली, "दशम्या." नंतर पुढचे चार थांबे ती माझ्याच कानात पुटपुटत होती, की शेण काही विटाळ नाही, पण डबा, जेवायचा डबा, बापानं केवढ्या हौसेनं आणलेला. मी तिला म्हटलं, "मग अण्णांनी यायचं होतं." तिनं पदर नाकाला लावला. भाऊ तिचा होता.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक. तिथले गृहस्थ पिकल्या केसांचे होते. त्यांनी पुड्या सोडल्या, शेण पाण्यात कालवलं, गाळलं, उंच पेल्यात ओतून ठेवलं आणि म्हणाले, "आता बसा. हे खाली बसायला वेळ लागतो. घाई केली तर काही दिसत नाही." आत्या पंचवटीला निघून गेली, मी बसून राहिले. त्यांनी वरचं पाणी ओतलं, नवं घातलं, पुन्हा थांबले. शेवटी तळाचा एक थेंब काचेवर घेऊन पाहिला आणि मला खूण केली. मी डोळा लावला. गढूळ उजेडात सोनेरी, लांबट अंडी पसरली होती आणि प्रत्येकाच्या एका टोकाला बारीक झाकण होतं. आमच्या पुस्तकात चित्र होतं, पण पुस्तकातलं चित्र काळं होतं. इतकं देखणं काही त्या शेणातून निघेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यांनी समजावून सांगितलं. काळजात, म्हणजे यकृतात, पानासारखे चपटे कृमी वाढतात. त्यांची अंडी शेणातून बाहेर पडतात. शेण पाण्यात पडलं की अंड्यातून निघालेला जीव बारीक शंखाच्या गोगलगाईत शिरतो, तिथं वाढतो, मग बाहेर पडून पाण्यालगतच्या गवताला चिकटून बसतो. गाय ते गवत खाते. "पाणी, गोगलगाय आणि गवत, तिन्ही एका जागी असल्याशिवाय हा आजार होत नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडे अशी जागा आहे?" मी म्हटलं, "आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांनी सांगितलेल्याच्या उलट परक्या माणसाला सांगितलं.

इथं मला कळवणच्या भाच्याचं सांगायलाच हवं, नाहीतर माझा हात पुढं चालणार नाही. शकूचा मुलगा, पदवीधर, बारा गायींचा मुक्त गोठा, दुधाचं फॅट फोनवर येतं. गेल्या महिन्यात म्हणाला, "मावशी, गायींना जुलाब लागलेत, दोघींच्या गळ्याखाली सुजलंय. ग्रुपवर फोटो टाकला, चौघांनी चार औषधं सांगितली." मी विचारलं, चारा कुठला घालतोस. "नाल्याकाठचा, मस्त हिरवा आहे." शेण तपासलंस का. "शेण काय तपासायचं, मावशी?" मी फोन ठेवला आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन पाच मिनिटं बसले. त्याच्या आजोबांकडे निदान नुसत्या सायकलची सबब होती. याच्याकडे चारचाकी आहे.

तर मी कागद घेऊन घरी आले. अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि घडी करून वहीत ठेवला. डॉक्टरांनी औषध दिलं. बांबूच्या नळकांड्यातून अण्णांनी स्वतः पाजलं, दोघींना, हरणीच्या मानेला हात घालून, तिच्याशी बोलत. पंधरा दिवसांत सूज उतरली. मडमचं दूध थोडं चढलं. घरात दही परत लागलं. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, पाझरावर सोडायचं नाही, नाहीतर औषध पाजून आजाराच्या दारात नेऊन बांधल्यासारखं होईल. मी ते अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग चारू कुठं? तुझ्या कॉलेजात?" आणि दुसऱ्या दिवशी गायी पाझरावर. एकट्या आमच्याच नाहीत, गावातली वीस-पंचवीस जनावरं. त्यांतल्या निम्म्यांच्या गळ्याखाली आता पिशव्या लोंबत होत्या, आणि मालक ओट्यावर येऊन अण्णांनाच विचारत होते, "पाटकरी, काय दिलं हो तुमच्या गायींना?" अण्णा औषधाचं नाव सांगायचे. गवताचं सांगत नव्हते.

गावाची गुरं राखायला हिरामण नावाचा माणूस होता. पेठकडच्या डोंगरातला, भात कापून झालं की कामाला खाली यायचा. एका वर्षी बायको इथंच बाळंत झाली आणि ते राहिले. मी एका दुपारी पाझरावर गेले, शंख शोधायला. गवताच्या बुडाशी बोटानं चिखल सारला की निघत होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, तपकिरी. हिरामण काठीवर हनुवटी टेकून बघत होता. म्हणाला, "शंख येचते काय, बाई? ज्या जागी ह्यो शंख, त्या जागंचा गवत आमचे डोंगरात गुरांना हिरवा नाय घालत. कापून सुकवतात, मंग घालतात. नाय तं गुराचे काळजात पानं धरतात."

मी बोटांवरचा चिखल पुसला. एसटी, डबा, सूक्ष्मदर्शक, सगळं झालं होतं, आणि हा माणूस सहा वर्षं रोज या गवतात उभा होता.

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"कोनाला?"

"अण्णांना. गावाला."

त्यानं काठीनं एका गुराला वळवलं. "पयल्या वर्षी सांगला व्हता एकाला. तो बोलला, तुमचे जंगलातला हितं नको सांगू. मंग कोनी इचारला नाय, म्या सांगला नाय."

मी हिरामणला हाताला धरून अण्णांकडे नेणार होते. तो आला नाही. त्याच्या बाजूनं ते बरोबर होतं. गवत बंद झालं तर गावाला गुराखी कशाला लागणार होता.

माघ सरता सरता हरणी गेली. दुपारची वेळ, पाट बंद, सगळं इतकं शांत की तिचा श्वास ओट्यावर ऐकू येत होता. अण्णांनी सायकलची घंटा वाजवली, एकदा, मग पुन्हा. तिनं कान हलवला. पान्ह्यासाठी नाही, उगाच वाजवली असेल. मी तिथून उठून गेले, कारण मला त्या क्षणी अण्णांची दया येत होती आणि ती यायला नको होती. डॉक्टर आले. म्हणाले, बाकीच्यांची जनावरं वाचवायची असतील तर उघडून बघू द्या. अण्णा हो म्हणतील असं वाटलं नव्हतं, पण म्हणाले. गावातली आठ-दहा माणसं जमली. डॉक्टरांनी काळीज काढून पत्र्यावर ठेवलं आणि सुरी फिरवली. सुरी करकरली. आतल्या नळ्या चुन्यासारख्या कडक झाल्या होत्या. त्यांनी अंगठ्यानं दाबलं आणि एकेका नळीतून पानांसारखे राखाडी किडे बाहेर आले, ओले, काही अजून हलणारे. अण्णा वाकून बघत होते. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि पाझराकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं. आता लिहितील.

नाही लिहिलं. आठवडा गेला, वही गेली, पाझर वहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पुढचं पाणी सुटू दे, मंग बघू. एकदम लिहिलं तर साहेब विचारंल, इतके दिवस झोपला व्हता का." जमलेली माणसं तर त्याहून शहाणी. काळीज पाहून घरी गेली, हळहळली आणि दुसऱ्या दिवशी गुरं पाझरावर. एक जण मला म्हणाला, "हरणी म्हातारी व्हती." दुसरा म्हणाला, त्यांची गुरं वरच्या अंगाला चरतात, तिथलं गवत वेगळं. मडम पुन्हा सुजायला लागली. आई तेवढी काही न बोलता विळा घेऊन लांबच्या बांधावरून कोरडं गवत आणू लागली, रोज डोक्यावर भारा. एकटी. मला तिचाही राग यायचा, की भारे वाहील पण बोलणार नाही.

मग मी पत्र लिहिलं. वहीचं पान फाडून, पाटाच्या साहेबांना. वळणावर भरावाला गळती आहे, त्यामुळे दलदल होऊन गावची जनावरं आजारी पडत आहेत, एक दगावली आहे, तरी ताबडतोब दुरुस्ती करावी. शेवटी आणखी एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं: येथील पाटकरी यांना हे ठाऊक असूनही त्यांनी कळविलेले नाही. नाव घातलं नाही. निफाडच्या पेटीत टाकलं आणि पत्र आत पडल्याचा आवाज ऐकला. माझ्या बापाची नोकरी मी त्या फटीतून आत टाकली होती.

दहा दिवसांनी साहेब जीपमधून आले. आधी वळणावर जाऊन आले; बुटांना चिखल होता. मग ओट्यावर खुर्ची घेऊन बसले. अण्णा खाकी शर्टाचं वरचं बटण लावून समोर उभे. मी चहा घेऊन आले तेव्हा साहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला होता.

"हे आलंय. खाली नाव नाही. पाटकरी, तुम्हाला गळतीचं माहीत होतं?"

अण्णांनी चष्मा लावला आणि कागद घेतला. माझं अक्षर ते बालवाडीपासून ओळखत होते. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, ते मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चहा माझ्या हातातच होता.

"माझंच हाय, साहेब," अण्णा म्हणाले. "पोरीकडून लिहून घेतलं. माझं अक्षर लागत नाय."

"तुम्ही लिहून घेतलं? याच्यात तक्रार तुमच्याच विरुद्ध आहे."

"व्हय. चूक झालती. म्हनून लिहिली."

साहेबांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "मग सही का नाही?"

"ऱ्हायली."

साहेबांनी पेन पुढं केलं. अण्णांनी कागद मांडीवर घेतला नाही. खाली बसून ओट्याच्या फरशीवर ठेवला आणि माझ्या वाक्याखाली, जिथं मी त्यांच्याबद्दल लिहिलं होतं तिथं, सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मग उठले, पेन परत केलं आणि मला म्हणाले, "चहा दे साहेबांना. गार व्हईल."

भराव बुजवला. उन्हाळ्यात पाझर वाळला, चिखलाला भेगा पडल्या. अण्णांना लेखी ठपका मिळाला आणि लांबची हद्द. रोज सायकलवर दुप्पट अंतर. गावानं मात्र वेगळाच हिशेब लावला. जनावरं सुधारली हे कुणाला दिसलं नाही, गवत गेलं एवढं दिसलं. ओट्यावर येणं बंद झालं. "पाटकऱ्यानं स्वतःची गाय मेली म्हणून सगळ्यांचं रान घालवलं," असं लोक तोंडावर म्हणायचे आणि अण्णा ऐकून घ्यायचे. पत्र मी लिहिलं, हे त्यांनी ना गावात सांगितलं ना घरात. आईला ठाऊक होतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. हिरामण त्याच वर्षी बायकापोरांना घेऊन डोंगरात परत गेला. जाताना भेटला नाही. मडम वाचली, पुढं तिला चार वेतं झाली.

पुढं मी नाशिकला शिक्षिका झाले, तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. अण्णा शेवटी शेवटी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे येऊन राहिले होते. एका दुपारी, हिरवी पट्टी निघाल्यावर, मी धीर करून विचारलं, "अण्णा, तेव्हा साहेबांना माझं नाव का नाही सांगितलं?"

"त्याच्यावर तुझं नाव व्हतं कुठं?" ते म्हणाले.

"अण्णा, नीट सांगा. राग आला होता का?"

ते खिडकीकडे वळले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. इतकी वर्षं मी त्या बोलण्याची वाट पाहिली होती, आणि काय बोलतील याचे दहा प्रकार माझ्या मनात तयार होते.

"आला व्हता," ते म्हणाले. "दुरुस्तीच्या रु ला पहिला उकार असतो. तू दुसरा दिला व्हता. पंचवीस वर्सं मी वहीत तो शब्द लिहीत आलो, आन सही करावी लागली ती चुकीच्या शब्दाखाली. साहेबानं बघितलं असणार."

मी म्हटलं, दुसराच असतो. तीस वर्षं मी मुलींच्या वह्यांवर लाल शाईनं तो शब्द तसाच लिहीत आले होते. अण्णांनी वाद घातला नाही, नुसता चष्मा पुसला. मी चिडून उठले, कपाटातून शब्दकोश काढला आणि उभ्याउभ्याच पान उघडलं. पहिलाच होता.